सभासदाचं पूर्ण नाव

१

"चतुराबाई तायडे हे नाव यात नाहीच," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

माझी लेक ठमी कडेवर होती. तिला ताप होता, आणि तिचं डोकं माझ्या मानेला चटका द्यावा तसं लागत होतं. मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हटलं, "नीट बघा ना. पुंजाराम तायडे. बँकेतल्या निवृत्त लोकांचा गट विमा आहे. मागच्या वर्षी दोघांचं नाव होतं."

"मागच्या वर्षी होतं मॅडम. यंदा काकांचं आहे. काकूंचं काढलंय."

"कोणी काढलं?"

"तुमच्याकडूनच. फोनवर संमती दिलेली दिसते."

माझ्या सासूबाई मागे चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. सकाळपासून उपाशी. पोटात गाठ निघाली होती, आणि अमरावतीच्या या दवाखान्यात डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, हा महिना ओलांडू देऊ नका. अकोल्याहून त्यांना आदल्या दिवशीच आमच्याकडे आणलं होतं. नर्सनं येऊन विचारलं, "आजी, दुखतंय का?" तशा त्या सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "नाही, मला बरं आहे. त्रास नाही." आमच्याशी बोलताना त्यांच्या तोंडी हे 'मला' कधी नसतं, 'मले' असतं. पांढऱ्या कपड्यातलं माणूस दिसलं की त्यांची भाषा इस्त्री करून येते.

दर वर्षी विम्याचं नूतनीकरण आलं की कंपनी काहीतरी बदलते. एका वर्षी खोलीच्या भाड्याला मर्यादा आली, एका वर्षी मोतीबिंदूला. दर वर्षी नवं पत्रक येतं, दर वर्षी वाचून जीव थकतो. ते समजावून सांगायचं काम दरवर्षीप्रमाणे यंदाही अकोल्याच्या निवृत्तांच्या संघटनेनं घेतलं होतं. सभा झाली, कंपनीचे फोन आले, ज्यानं त्यानं आपला पर्याय सांगितला. आम्हाला वाटलं, झालं एकदाचं.

नितेशनं, माझ्या नवऱ्यानं, आवाज चढवला तेव्हा विमा कंपनीचा दवाखान्यात बसणारा माणूस बाहेर आला. त्यानं दोन-तीन फोन केले आणि शेवटी आपल्या मोबाइलवर आम्हाला त्या संभाषणाचा तुकडा ऐकवला.

"सभासदाचं पूर्ण नाव सांगा," कंपनीची मुलगी विचारत होती.

उत्तर नाही. मागे कोणीतरी माइकवर बोलत होतं, कपबशा वाजत होत्या.

"हॅलो? मॅडम, ऐकू येतंय का? सभासदाचं नाव?"

"पुंजाराम शामराव तायडे." बाईचा आवाज. दबका, घोगरा.

"आपण कोण?"

"त्यांची पत्नी."

"यंदाच्या बदलानुसार पर्याय एक, दोघांचा मिळून एकत्र विमा. पर्याय दोन, फक्त सभासदाचा. कोणता ठेवायचा?"

"दुसरा. त्यांचा एकट्यांचा."

"म्हणजे पत्नीचं नाव कमी होईल. नक्की?"

"हो. नक्की."

नितेशनं माझ्याकडे पाहिलं. "ही आई नाही."

"कशावरून?" कंपनीचा माणूस म्हणाला.

"अहो, माझ्या आईनं आजवर बाबांचं नाव घेतलं नाही. हळदीकुंकवालाही उखाणा घेत नाही ती, ताट ठेवून उठून येते. रेशन दुकानात विचारलं तर मला पुढं ढकलायची. आणि ही बाई कशी पुस्तकी बोलते. आमची आई अशी बोलते का?"

"मग त्यांच्या जागी दुसरं कोणी बोललं असेल, तर फसवणुकीची तक्रार द्या. चौकशी होईल, नाव परत येऊ शकतं. त्या स्वतः बोलल्या असतील तर मात्र पुढच्या नूतनीकरणापर्यंत काही करता येत नाही."

खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "मी काहून काढीन माझं नाव?"

त्यांनी हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं. मग उपाशी राहायचंय हे आठवलं असावं. झाकण परत लावलं.

ऑपरेशन पुढं ढकललं गेलं. दवाखान्याची पायरी उतरताना माझ्या डोक्यात एकच होतं. ती बाई कोण?

२

अकोल्याला जठारपेठेत सासरचं घर आहे. आईंना घेऊन आम्ही तिथंच गेलो. बाबा दारातच उभे होते. त्यांना फार कमी ऐकू येतं. घरात त्यांचा मोबाइल वाजला की आई उचलतात, समोरच्याचं ऐकून घेतात, मग बाबांच्या कानाशी ओरडून सांगतात.

"झालं का ऑपरेशन?" बाबांनी विचारलं.

"नाही!" नितेश ओरडला. "पुढं गेलं!"

"बरं झालं," बाबा म्हणाले. त्यांना काय ऐकू आलं कोण जाणे.

माझी नणंद वर्षाली मूर्तिजापूरहून आली होती. तिचा नवरा ओमप्रकाश विम्याचाच एजंट. आईची वेगळी पॉलिसी काढून देतो, असं तो मागच्या वर्षीच्या दिवाळीत म्हणाला होता. नितेशच्या डोक्यात तेच बसलं होतं. मी चहा ठेवते म्हणेपर्यंत त्यानं विषय काढलाही.

"सभेच्या दिवशी आईसोबत तूच होती ना वर्षाली?"

"सोबत नव्हती. फाटकापाशी सोडलं अन् बाजारात गेली."

"बाबांचा फोन?"

"मले काय माहीत फोनचं?" ती थांबली. "दादा, तू काय विचारून राहिला?"

"काही नाही. ओमप्रकाशले नवी पॉलिसी काढायची होती न आईची."

वर्षालीनं कप खाली ठेवला. "वहिनी, सांगा याले. मी माझ्या मायचं नाव कटवलं, असं म्हणून राहिला हा."

"मी काही म्हटलेलं नाही," मी म्हटलं. खरं तर मी तिचा आवाज आठवून पाहत होते. तिचा आवाज उंच आहे. पण फोनवर आवाजाचं काय सांगता येतं.

"सत्तरी ओलांडलेल्या बाईले नवी पॉलिसी कोन देते?" तिनं मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. "हे वाचा. ओमप्रकाशनं मले यंदाच्या दसऱ्यालेच पाठवलं. 'आहे ती मोडू देऊ नका, कोणतीच कंपनी आता घेणार नाही.' मागच्या दिवाळीत जे बोलला, त्यावरून मी त्याले झाडलंही. नुसतं नाव निघालं तर त्याले काय भेटन? बायकोच्या शिव्या."

मी वाचलं. तारीख सभेच्या आधीची होती. ज्याला नवी पॉलिसी विकताच येणार नाही, तो जुनी कशाला मोडेल? नितेश खिडकीकडे पाहत राहिला. त्याला बहिणीची माफी मागायची होती, पण तो तायडे आहे, मागत नाही.

आतल्या खोलीत आई पडल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

निघताना वर्षाली दारात वळली. "त्या दिवशी फोन कोनापाशी होता ते विचारा ना. साऱ्यायचेच फोन जिच्यापाशी होते, तिले."

"कोणाला?"

"मायाले. संघटनेच्या ऑफिसात बसते ती."

३

संघटनेचं कार्यालय म्हणजे एका सभागृहाच्या बाजूची खोली. चिटणीस सहदेवकाका बाबांच्याच शाखेतून निवृत्त झालेले. माया तिथं संगणकावर बसते. तिशीची असेल, माझ्याच वयाची. तिच्या नवऱ्याचं काम कापसाची जिनिंग गिरणी बंद पडल्यापासून सुटलेलं, हे मला नंतर कळलं.

"आमची पद्धत आहे वहिनी," सहदेवकाका म्हणाले. ते सगळ्यांनाच वहिनी म्हणतात, मग ती सुनेच्या वयाची का असेना. "सभा असली की साऱ्यायचे फोन टोपलीत. नाहीतर काय होते, पत्रक वाचून राहिलो का कोनाच्या नातवाचं गाणं वाजते. अन् आमच्या लोकायले त्या ओटीपीचं काही समजत नाही. मग माया एकेकाचं करून देते. दरवर्षी असंच आहे. आजवर काही झालं नाही."

"यंदा फोन तिनंच उचलले?"

"हो तर."

माया उभी राहिली. "मॅडम, मी फोन उचलले. ज्याचा फोन त्याला नेऊन दिला. मी कोणाची बायको झाले नाही."

"सगळा वेळ टोपली तुमच्याजवळच होती?"

"मध्ये झेरॉक्स आणायला गेले. तेवढा वेळ टोपली बायकांपाशी ठेवली. व्हरांड्यात चहा करत होत्या."

"कोणत्या बायका?"

"सगळ्याच. सभासदांच्या घरच्या. वीसेक तरी असतील."

"म्हणजे कोनावर ढकला," सहदेवकाका म्हणाले.

"ढकलत नाही काका. तायडे काकांच्या औषधांची मला काय माहिती? कंपनीवाले औषधं विचारतात सगळ्यांना. मी कुठून सांगणार होते?"

"फॉर्मवर असतात की औषधं," नितेश म्हणाला. "तुमच्याकडे फॉर्म असतात."

तिनं फॉर्मांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ नितेशनं एक घेतला, मी काहीच घेऊ शकले नाही. ठमी मायाच्या टेबलावरचा स्टॅपलर ओढत होती. मायानं तो हळूच बाजूला घेतला आणि तिच्या हातात रबरबँड दिला.

मी विषय बदलला. "काका, सभेत तुम्ही काय सांगितलं यंदाच्या बदलाबद्दल?"

"सारं सांगितलं. आजवर नवऱ्याची रक्कम वेगळी, बायकोची वेगळी. यंदापासून दोघायची मिळून एकच. ज्याले लागन त्यानं त्यातून घ्यायचं. ते नको असन त सभासदानं एकट्याचं घ्यावं. पर्याय सभासदानंच सांगायचा, तेही वाचून दाखवलं. मग प्रश्न विचारा म्हनलं." काका जरा हसले. "माणसं सारी चहाकडे पाहत. प्रश्न विचारला तो तुमच्या सासूबाईनं. दारातून. 'म्हनजे मी खर्चलं त ह्यायच्यातूनच जाते का भाऊ?' मी म्हनलं, हो वहिनी, एकच भांडं समजा. साऱ्या बाया हसल्या."

"मग?"

"मग काय, चहा झाला."

नितेश उठला. "काका, आम्ही तक्रार देऊन राहिलो. तुमच्या कार्यालयातून हे झालं. आईचं ऑपरेशन अडलं आहे."

सहदेवकाकांचा चेहरा उतरला. संघटनेचं नाव पोलिसांत जाईल या भीतीनं त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मायाकडे. मग म्हणाले, "माया, तू उद्यापासून येऊ नको. हे मिटेपर्यंत."

तिनं पर्स उचलली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "तुम्ही मला निदान विचारलं तरी."

४

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ठमीला घेऊन अमरावतीच्या बसमध्ये बसले. तिला तिच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. नितेश तक्रार लिहायला अकोल्यातच थांबला. बोरगाव मागे पडलं तेव्हा ठमी मांडीवर झोपली आणि मोबाइल थरथरला. कंपनीच्या माणसानं सबंध संभाषण पाठवलं होतं.

मी इअरफोन लावले. खिडकीबाहेर तुरीची शेतं होती, पिवळी फुलं सरून शेंगा धरलेली.

आम्ही ऐकला होता तो तुकडा मधला होता. त्याच्या आधीही बोलणं होतं.

"पुंजाराम तायडे बोलताय का?"

"नाही. ते सभेत आहेत."

"सभासदांशी बोलता येईल?"

"त्यांना फोनवर ऐकू येत नाही. मला सांगा."

"चालेल मॅडम. सभासदाचं पूर्ण नाव सांगा."

आणि ती शांतता. माइक, कपबशा, हॅलो, हॅलो. मग नाव, मग पत्नी, मग दुसरा पर्याय. आणि त्यानंतर, जे आम्ही ऐकलंच नव्हतं:

"सभासदांची सध्या चालू असलेली औषधं?"

"रक्तदाबाची, सकाळी अर्धी. संध्याकाळची जेवणाआधी. पाय सुजले तेव्हापासून ती हिरवी बंद केली आहे, डॉक्टरांना विचारून. आणि पाणी मोजून."

एका दमात. कुठं अडखळणं नाही.

मी ते पुन्हा ऐकलं. मग वर्षालीला फोन लावला.

"बाबांची हिरवी गोळी चालू आहे ना गं?"

"हो, आहे ना. मीच तर आणते मूर्तिजापूरहून, तिकडं स्वस्त भेटते. काहून?"

"काही नाही. गेल्या वेळचा फॉर्म आपण दोघींनी भरला होता, त्यात होती ना ती?"

"होती. वहिनी, काय झालं?"

"सांगते."

वर्षालीला हिरवी गोळी बंद झाल्याचं माहीत नव्हतं. मला नव्हतं. फॉर्म पाहून कोणी बोललं असतं तर ती चालू आहे असंच सांगितलं असतं. मायानंही.

पण त्याहूनही ती शांतता मला सोडेना. आम्ही सगळ्यांनी तिचा अर्थ लावला होता की बाई खोटं बोलायला घाबरली. घाबरली असती तर औषधांना घाबरली असती. दुसऱ्याच्या घरातल्या गोळ्या आठवताना माणूस थांबतं. नवऱ्याचं नाव तर सगळ्यात सोपा प्रश्न. ते कागदावर असतं, पाटीवर असतं, मायाच्या टोपलीतल्या मोबाइलवर चिकटपट्टीनं लावलेलं असतं. सगळे अवघड प्रश्न जिला सोपे गेले आणि एवढा एकच सोपा प्रश्न जिला अवघड गेला, अशी बाई त्या व्हरांड्यात कोण होती?

नाव घेतलं म्हणून ती आई नाही, असं आम्ही म्हणत होतो. नाव घेताना ती जशी थांबली, तशी आईशिवाय दुसरी कोणीच थांबली नसती. पुस्तकी भाषा तर नर्सशी बोलतानाही त्यांच्या तोंडी होतीच.

आणि दवाखान्यात आई नाही म्हणाल्याच नव्हत्या. त्यांनी उलट विचारलं होतं. नाही आम्ही म्हणालो होतो.

मूर्तिजापूरला बस थांबली. मी ठमीला खांद्यावर टाकलं, पिशवी घेतली आणि अकोल्याच्या परतीच्या बससाठी उतरले.

५

आई ओसरीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बाबा आत झोपले होते. मला पाहून म्हणाल्या, "परत काहून आली? पोरीले जास्त झालं का?"

"ताप उतरलाय." मी ठमीला सतरंजीवर ठेवलं आणि समोर बसले. एक शेंग उचलली. "आई, नाव घ्यायला इतकं जड गेलं?"

त्यांची बोटं थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"आयकलं का तू सारं?"

"हो."

"जिभेवर येतच नव्हतं माय. ती पोरगी आपली हालो हालो करे. साऱ्या बाया चहा गाळून राहिल्या. म्हनलं चतुरे, घे एकदा, कोन आयकते."

"पण का केलंत?"

"सहदेवभाऊनं सांगितलं ना. एकच भांडं." दाणे वाटीत पडत होते. "ह्यायच्या किडनीचं डॉक्टर काय बोलला, तुले माहीत हाय. मशीनवर बसा लागन म्हने, हप्त्यातून दोनदा, तीनदा. मी अगोदरच माह्या पोटासाठी उपसून घेतलं, त त्यायले काय उरन?"

"म्हणजे तेव्हा तुमचं पोट दुखत होतं."

"दुखत नव्हतं. जड वाटे."

"आणि सांगितलं नाही कोणाला."

"तुह्या मांडीवर पोरगी सारखी तापलेली. कोनाले सांगू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. खूप दिवस झोप न झालेल्या माणसाचे होतात तसे डोळे फक्त जड झाले.

"दवाखान्यात आम्हाला फसवलंत."

"मी काई फसवलं नाही. मी म्हनलं, मी काहून काढीन. तुमीच समजले." एवढं बोलून त्यांना जरासं हसू आलं. मग गेलं. "आता कोनाले सांगू नोको. झालं ते झालं."

माझा मोबाइल वाजला. नितेश.

"लिहिलं बघ सगळं. मायाचं नाव घातलं. तिच्या ताब्यात फोन होता, तीच आई म्हणून बोलली, असं. कंपनी म्हणते, फसवणूक आहे असं दिसलं तर नाव परत घेतील. पाठवू का?"

मी आईंकडे पाहिलं. मला फक्त 'पाठव' म्हणायचं होतं. दवाखाना, गाठ, संपत आलेला महिना, सगळं त्या एका शब्दानं हललं असतं. मायाला दुसरं काम मिळालंही असतं. मी स्वतःला हे सांगितलं आणि ते मला पटेना. रबरबँड अजून ठमीच्या मनगटात होता.

"थांब जरा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

"मायाचं काहून?" आईंनी विचारलं.

"तिला कामावरून काढलं, आई. कालच."

"कोनं?"

"सहदेवकाकांनी. तुमच्या जागी ती बोलली म्हणून."

आई उठल्या. पोटावर हात ठेवून, भिंतीला धरून. मांडीवरची सालं झटकली.

"माही चप्पल दे," त्या म्हणाल्या. "अन् ह्यायले उठव."

६

कार्यालयात सहदेवकाका आणि चार-पाच निवृत्त मंडळी पेपर वाचत होती. नितेशही तिथंच तक्रारीची प्रत काढून बसला होता. बाबांना खुर्ची दिली. आई दारातच उभ्या राहिल्या.

"सहदेवभाऊ, ते मी बोलली."

"काय वहिनी?"

"फोनवर. त्या पोरीचा काई दोष नाही."

काका हसले. त्यांना वाटलं, दया येऊन बोलत आहेत. "तुमी? तुमी भाऊचं नाव घेतलं? घ्या बरं मग आमच्यासमोर."

पेपर खाली आले. कोणीतरी म्हणालं, "उखाण्यात घ्या वहिनी, उखाण्यात!"

आईंनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. पदर डोक्यावरून पुढं ओढला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याच दबक्या, घोगऱ्या आवाजात, "पुंजाराम शामराव तायडे."

कोणी हसलं नाही. नितेशच्या हातातला कागद तसाच राहिला.

"काय म्हनलं तिनं?" बाबांनी विचारलं.

कोणीच त्यांना सांगितलं नाही.

सहदेवकाकांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, हे तुमी बोलायले नव्हतं पाहिजे. आता संपलं. तुमीच सांगितलं म्हटल्यावर कंपनी काही करत नाही. पुढच्या वर्षी पाहू."

नितेश मला म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"दुपारपासून."

"आणि मला थांब म्हणाली? आकांक्षा, पुढचं वर्ष आईला..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

मी बसले होते, थकून. 'पुढच्या वर्षी' हे दोन शब्द डोक्यात फिरत होते, आणि त्यांच्या मागे फोनवरच्या त्या मुलीचा आवाज. चालेल मॅडम. मी मान वर केली.

"काका, सभेत तुम्ही वाचलं होतं ना, पर्याय कोणी सांगायचा?"

"सभासदानं."

"सभासद कोण?"

"पुंजारामभाऊ."

"त्यांना विचारलं कोणी?"

मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि सुरुवातीचा भाग लावला. सभासदांशी बोलता येईल? त्यांना फोनवर ऐकू येत नाही, मला सांगा. चालेल मॅडम.

"ती बाई कोण, हेच आपण शोधत राहिलो," मी म्हटलं. "माया असो, वर्षाली असो, आई असो. कोणतीच बाई सभासद नव्हती. बाई खोटी निघाली असती तर चौकशीत महिने गेले असते. ती खरी आहे, तिनं स्वतःच सांगितलंय की मी सभासद नाही, पत्नी आहे, आणि तरी कंपनीनं पर्याय घेतला. सभासदाची संमती घेतलीच नाही. तुमच्याच पत्रकाप्रमाणे हा बदल झालेलाच नाही."

सहदेवकाकांनी पत्रक काढलं, ते वाक्य बोटानं शोधलं, दोनदा वाचलं. मग काही न बोलता मोबाइल उचलला आणि मायाला लावला. आम्हाला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो... चुकलंच... अवो, चुकलं म्हनून राहिलो न." फोन ठेवून ते म्हणाले, "येते म्हने उद्या. पन टोपली ठेवनार नाही म्हने."

कंपनी लगेच मानली नाही. माझी नवी तक्रार, सहदेवकाकांचं पत्र, पुन्हा फोन, पुन्हा दुसऱ्या माणसाला सुरुवातीपासून सांगणं. मी ठमीला भरवताना फोन कानाशी धरून ती एकच गोष्ट इतक्यांदा सांगितली की ठमीही 'सबासद' म्हणायला लागली. शेवटी दवाखान्यानं महिन्याच्या सरत्या आठवड्यातली तारीख देऊन ठेवली आणि कंपनीनं कळवलं, सभासदांशी थेट बोलून पर्याय पुन्हा घेऊ.

फोन आला तेव्हा आम्ही सगळे जठारपेठेतच होतो. मी स्पीकर लावला आणि मोबाइल बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, कानापासून लांब, तोंडासमोर, जसा पाहुण्यानं दिलेला पेढा धरतात.

"सभासदाचं पूर्ण नाव?"

"हो, हो," बाबा म्हणाले. मग मी कानाशी ओरडले, तेव्हा नाव सांगितलं.

मुलीनं दोन्ही पर्याय वाचले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाबा!" मी ओरडले. "दोघांचं एकत्र घेतलं तर आईचं ऑपरेशन त्यातूनच होईल! पुढं तुम्हाला मशीन लागलं तर कमी उरेल!"

स्वयंपाकघराच्या दारातून आई मान हलवत होत्या. नाही, नाही. हातानंही सांगत होत्या, एकट्याचं. बाबांनी तिकडं पाहिलं. आईंचा हात हलत होता तोवर पाहिलं. मग मोबाइल तोंडाशी आणला.

"दोघायचं."

"म्हणजे पर्याय एक. नक्की, सर?"

"अवो बाई, नक्कीच. एकट्याचं घेऊन मी काय करू? मले गोळी कोन देईन?"

आई आत वळल्या. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला, पाहिजे त्यापेक्षा जरा जास्त.

मुलगी म्हणाली, नोंद झाली आहे, पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा फोन येईल. मी ते बाबांना ओरडून सांगितलं.

"दरसाली इचारता का हे?" बाबा मोबाइलमध्ये म्हणाले.

"हो सर. दरवर्षी बदल होतात."

"मग दरसाली मलेच इचारा," बाबा म्हणाले. "अन् जोरानं इचारा."